स्पर्श नकोसा वाटणाऱ्या मुलांसाठी घरच्या घरी सेन्सरी खेळ : सुरुवात कशी करावी

शर्टाच्या मानेमागचे लेबल कापल्याशिवाय तो अंगात न घालणारी, डोक्याला तेल लावायला घेतले की किंचाळणारी, दहीभात बोटांना लागताच हात झटकून रडणारी किंवा गवतावर अनवाणी पाय टेकवायला ठाम नकार देणारी मुले अनेक घरांत असतात. घरातील मोठी माणसे त्यांना बहुधा हट्टी, नाजूक किंवा लाडावलेली ठरवतात. यांतील काही मुलांच्या बाबतीत खरी अडचण वेगळी असते. इतरांना जाणवतही नाही असा साधा स्पर्श त्यांना बोचरा, चिकट, कधी तर दुखरा वाटतो आणि त्यांचे शरीर संकट आल्यासारखा प्रतिसाद देते. अशा मुलांना रोजच्या स्पर्शांची हळूहळू सवय व्हावी म्हणून घरातल्याच वस्तू वापरून कोणते सेन्सरी खेळ, म्हणजे स्पर्शासारख्या संवेदना अनुभवण्याचे खेळ, खेळता येतात, हे नव्याने सुरुवात करणाऱ्या पालकांसाठी येथे मांडले आहे.

प्रथम या खेळांची मर्यादा सांगणे आवश्यक आहे. संवेदनांच्या एकत्रीकरणाचा, म्हणजे मेंदू निरनिराळ्या संवेदनांची सांगड कशी घालतो याचा, सिद्धांत जीन आयर्स या अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्टने (रोजची कामे जमावीत यासाठी उपचार देणाऱ्या तज्ज्ञाने) १९६० आणि १९७० च्या दशकांत मांडला आणि आज सेन्सरी प्ले या नावाने जे काही केले जाते त्याचे मूळ बरेचसे तेथे आहे. तथापि अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिॲट्रिक्सने, २०१२ मध्ये स्पष्ट केले की अशा उपचारांबद्दलचे पुरावे अजून मर्यादित आहेत, आणि त्यांचा उपयोग करायचाच तर तो व्यापक उपचारांचा एक भाग म्हणून करावा. २०१३ मध्ये आलेल्या डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या अमेरिकन निदानपुस्तिकेत स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) निकषांमध्ये संवेदनांना मिळणाऱ्या अति किंवा अल्प प्रतिसादाचा समावेश झाला, परंतु संवेदनांची अडचण हा स्वतंत्र आजार म्हणून त्यात नोंदवलेला नाही. म्हणून या खेळांतून आजार बरा करण्याची अपेक्षा ठेवू नये. मुलाचे जेवण, आंघोळ, कपडे आणि शाळा थोडी सुसह्य व्हावी, एवढेच उद्दिष्ट डोळ्यांसमोर असावे. ज्या मुलाला स्वमग्नता आहे त्यालाही हे खेळ देता येतात, आणि ज्याला कोणतेही निदान झालेले नाही, फक्त स्पर्श सहन होत नाही, त्यालाही देता येतात.

स्पर्श कोणाच्या हातात आहे

पुढील सर्व पायऱ्या एका साध्या गोष्टीवर उभ्या आहेत. स्वतःच्या हाताने स्वतःला गुदगुल्या होत नाहीत, हे प्रत्येकाला ठाऊक आहे. आपण स्वतः हालचाल करतो तेव्हा त्या हालचालीतून कोणती संवेदना येणार याचा अंदाज मेंदू आधीच बांधतो आणि ती संवेदना सौम्य करून टाकतो. दुसऱ्याचा हात अचानक लागतो तेव्हा असा अंदाज बांधता येत नाही. त्यामुळे स्पर्शाला घाबरणाऱ्या मुलाने वस्तूला स्वतः हात लावणे आणि आपण ती वस्तू त्याच्या हाताला लावणे, या दोन अगदी वेगळ्या घटना आहेत. वस्तू तीच, मूल तेच, तरीही पहिल्या वेळी ते टिकून राहते आणि दुसऱ्या वेळी पळून जाते.

दुसरी गोष्ट दाबाची. हलका, सरपटता स्पर्श (मानेवर रुळणारे केस, बाहीची शिवण, गालावरून फिरणारी बोटे) शरीराला सावध करतो. भक्कम, स्थिर आणि अपेक्षित दाब बहुतेक मुलांना शांत करतो. टेम्पल ग्रँडिन या स्वमग्न असलेल्या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंना लहानपणी कुणी मिठी मारलेली सहन होत नसे, पण दाबाची ओढ मात्र होती. सावत्र वडिलांच्या बहिणीच्या गोठ्यावर गुरांना लस टोचताना दोन्ही बाजूंनी दाबून धरणारा सापळा त्यांनी पाहिला आणि किशोरवयातच स्वतःसाठी तसे यंत्र तयार केले. त्या यंत्राचा दांडा त्यांच्याच हाती होता. दाब किती आणि कधी थांबवायचा हे त्या स्वतः ठरवत, म्हणूनच त्यांना त्यातून आराम मिळाला. घरी आपण जे काही करू त्यात तो दांडा मुलाच्या हाती राहिला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. जेथे तो आपल्या हाती येतो, तेथे खेळाची सक्ती होते आणि स्पर्शाची भीती पूर्वीपेक्षा वाढते.

सुरुवातीपूर्वी : आठवडाभर फक्त पाहणे

खेळ मांडण्यापूर्वी आठवडाभर केवळ निरीक्षण करावे आणि वहीत चार ओळी लिहाव्यात. कोणता स्पर्श टाळला जातो, कोणता मूल आपणहून शोधते, दिवसाच्या कोणत्या वेळी त्रास अधिक होतो आणि त्याआधी काय घडले होते, एवढे लिहिले तरी पुरते. बऱ्याच घरांत असे लक्षात येते की ओल्या वस्तूंना नाही म्हणणारे मूल कोरडी माती आनंदाने उकरते, किंवा सकाळी केस विंचरू न देणारी मुलगी रात्री झोपण्यापूर्वी ते करू देते. खेळ कोठून सुरू करायचा हे याच नोंदींतून ठरते.

याच आठवड्यात मुलाची त्वचा नीट पाहावी. कोरडी पडलेली त्वचा, इसब, घामोळे, उवा, नखांच्या कडेच्या जखमा किंवा दुखरा दात ही अगदी साधी कारणेही स्पर्श नकोसा करतात. पूर्वी काही त्रास नव्हता आणि अलीकडे अचानक सुरू झाला, तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. मूल नावाने हाक मारल्यावर पाहत नसेल, येत असलेले शब्द बोलेनासे झाले असेल किंवा वयाच्या मानाने बोलणे फार मागे असेल, तर घरच्या खेळांची वाट न पाहता विकासाची तपासणी करून घ्यावी.

जागा, वेळ आणि थांबण्याची खूण

जागा रोज एकच असावी. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात किंवा गॅलरीत जुनी चादर अंथरली की पुरे. चादर संपते तेथे खेळ संपतो, हे मुलाला दिसते आणि सांडलेलेही तेथेच राहते. टीव्ही बंद, पंखा हळू आणि आजूबाजूला गडबड कमी असावी. मूल भुकेले, झोपाळलेले किंवा नुकतेच शाळेतून आलेले असताना बसवू नये. पहिले काही दिवस पाच मिनिटे पुरेशी असतात, आणि मूल रमले तरी दहा-पंधरा मिनिटांपलीकडे ताणू नये. आनंदात थांबलेल्या खेळाकडे दुसऱ्या दिवशी ते आपणहून येते.

शेजारी ओला आणि कोरडा असे दोन नॅपकिन ठेवावेत. हे अतिशय महत्त्वाचे आहे. हाताला लागलेले हवे तेव्हा पुसता येते, याची खात्री असलेले मूल अधिक धीट होते. सारखे पुसतो म्हणून त्याला टोकू नये. थांबण्याची खूणही आधीच ठरवावी. बोलणाऱ्या मुलासाठी ‘बस’ हा शब्द, न बोलणाऱ्यासाठी तळहात उभा धरणे किंवा लाल रुमाल उचलणे चालेल. खूण दिसताच, वाक्य अर्धवट असले तरी, आपण थांबायचे. पहिल्या दोन-तीन दिवसांत मूल ही खूण मुद्दाम पुन्हा पुन्हा करून पाहते, कारण ती खरी आहे का हे त्याला तपासायचे असते. त्या दिवसांत प्रत्येक वेळी थांबलेल्या पालकांचे पुढचे काम बरेच सोपे होते.

पहिली पायरी : जोर लागणारी कामे

सेन्सरी खेळ म्हटले की लोक थेट रंग आणि चिखलाकडे जातात. स्पर्शाला घाबरणाऱ्या मुलासाठी ती शेवटची पायरी आहे. आरंभ स्नायूंना आणि सांध्यांना जोर लागेल अशा कामांनी करावा, कारण त्यांत भक्कम दाब मिळतो आणि हाताला काही लागत नाही. अर्धी भरलेली बादली उचलून झाडांना पाणी घालणे, धुतलेले टॉवेल पिळणे, गाद्या-उशा एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेणे, भिंतीला तळहात टेकून ती ढकलणे, खलबत्त्यात शेंगदाण्याचे कूट करणे, बाजारातून आणलेली बटाट्यांची पिशवी दोघांनी मिळून उचलणे, यांतील एक-दोन कामे खेळाच्या आधी पाच-दहा मिनिटे करून घेतली की मूल पुढच्या स्पर्शासाठी अधिक तयार असते.

गोधडीची गुंडाळी हाही असाच खेळ आहे. जमिनीवर पसरलेल्या गोधडीच्या कडेला मूल आडवे होते आणि लोळत लोळत स्वतःच तीत गुंडाळून घेते. डोके व मान पूर्ण बाहेर, हात हवे तेव्हा सोडवता येतील इतके सैल, आणि मोठे माणूस सतत शेजारी, या अटींत तडजोड नाही. आपण वरून तळहातांनी खांद्यांवर व पाठीवर संथ दाब द्यायचा आणि अधूनमधून ‘जोरात की हळू?’ असे विचारायचे. छातीवर वजन देऊ नये. वजनदार ब्लँकेट आणून ते तान्ह्या किंवा लहान मुलावर घालणे धोक्याचे आहे. मोठ्या मुलासाठीही ते थेरपिस्टला विचारल्याशिवाय वापरू नये.

दुसरी पायरी : कोरडी परात

आता प्रत्यक्ष स्पर्श. मोठ्या परातीत दोन किलोभर तांदूळ घ्यावेत आणि त्यात मुलाच्या आवडीच्या चार-पाच वस्तू, म्हणजे छोटी गाडी, चमचा, प्राणी, वाटी, अर्ध्या दिसतील अशा खोचून ठेवाव्यात. पूर्ण पुरलेली वस्तू शोधण्यासाठी हात न दिसणाऱ्या जागी घालावा लागतो आणि तो भाग पुढचा आहे. परातीजवळ डाव, गाळणी आणि रिकामी वाटी असावी. मुलाला ‘हात घाल बघू’ असे म्हणू नये. आपण स्वतः शेजारी बसून तांदूळ वाटीत भरावेत, ओतावेत, त्या आवाजाकडे लक्ष द्यावे आणि गप्प राहावे.

समजा चार वर्षांची मुलगी आहे. पहिल्या दिवशी ती दोन हात लांब बसून पाहील. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डावाने गाडी उकरून काढेल, आणि ते करताना एक-दोन दाणे मनगटावर उडाले की झटकून नॅपकिनला हात पुसेल. डाव हा तिच्या हाताचा लांबवलेला भाग आहे आणि त्याच्या आधाराने ती अंतर ठरवते आहे, हे समजून घ्यावे आणि डाव काढून घेऊ नये. काही दिवसांनी घाईघाईत गाडी काढताना डाव बाजूला पडतो आणि दोन बोटे आत जातात. त्या क्षणी टाळ्या वाजवू नयेत. ‘अरे वा, हात घातलास!’ असे मोठ्याने म्हटले की तिचे लक्ष गाडीवरून बोटांवर येते आणि बोटे बाहेर. आपण शांतपणे गाडीबद्दलच बोलावे. नंतर बोटांचा तळहात होतो, तळहाताचे मनगट होते, आणि एक दिवस ती दोन्ही हात खुपसून बसलेली दिसते.

‘अन्नाशी खेळू नये’ असे घरातील वडीलधारी माणसे म्हणतील. त्यांचे म्हणणे मोडून काढण्याची गरज नाही. तांदळाऐवजी स्वच्छ धुऊन वाळवलेली वाळू, चिंचोके, कापडाच्या चिंध्या, कापूस किंवा नारळाचा काथ्या चालतो. त्याहून चांगला उपाय म्हणजे खऱ्याखुऱ्या कामातला वाटा देणे. तांदूळ निवडणे, मटार सोलणे, ओल्या भुईमुगाच्या शेंगा फोडणे, मेथी निवडणे, चाळणीने रवा चाळणे या कामांत बोटांना तोच अनुभव मिळतो आणि अन्न वायाही जात नाही. मला स्वतःला हा मार्ग अधिक आवडतो, कारण मूल त्यात पाहुणे नसून घरातला कामाचा माणूस असते, आणि आजी त्याच्याशेजारी बसायला आनंदाने तयार होते.

तिसरी पायरी : ओलसर आणि चिकट

ही पायरी सर्वांत अवघड असून येथे घाई केल्यास आधीचे श्रम वाया जातात. कोरड्यावरून थेट चिकट वस्तूकडे जाऊ नये. मध्ये किंचित दमट वाळू, ओला स्पंज, भिजवलेले हरभरे, गार आणि कोमट पाण्याच्या दोन वाट्या असे टप्पे ठेवावेत.

कणीक यासाठी उत्तम आहे, फक्त क्रम उलटा ठेवावा. कोरड्या पिठात पाणी घातल्यावर ती बोटांना सर्वाधिक चिकटते. तेथून सुरुवात केली तर मूल पहिल्याच मिनिटाला उठते. म्हणून कणीक आपण पूर्ण मळावी, तेलाचा हात लावून तुळतुळीत करावी आणि तयार गोळा मुलासमोर ठेवावा. पहिले काम म्हणजे त्यावर अंगठ्याने एक खड्डा पाडणे. मग लाटण्याने लाटणे, ज्यात हाताला फक्त लाकूड लागते. मग वाटीने गोल कापणे, तुकडे तोडणे, दोन्ही तळहातांत साप वळणे. गोळा सहज हाताळू लागल्यावर आदल्या टप्प्याकडे यावे, म्हणजे मळत आलेल्या कणकेला शेवटच्या चार मुठी मुलाने द्याव्यात. पीठ आणि पाणी एकत्र कालवण्याचा टप्पा सर्वांत शेवटी येईल, आणि काही मुलांच्या बाबतीत तो महिनोन्महिने येणारही नाही. कच्ची कणीक खाऊ देऊ नये.

गणेशोत्सवाच्या सुमारास मिळणारी शाडूची माती घट्ट, गार आणि गुळगुळीत असल्याने पुष्कळ मुलांना आवडते. मात्र ती वाळू लागली की त्वचा ओढल्यासारखी होते, आणि मघापर्यंत आनंदात असलेले मूल अचानक बिथरते. म्हणून हातावरची माती वाळण्यापूर्वी धुवावी आणि पाण्याचे भांडे जवळ ठेवावे. ज्याला कोणतीच चिकट वस्तू चालत नाही त्याच्यासाठी जाड, घट्ट बंद होणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत दही किंवा रंगवलेली खळ भरून, तोंडावर चिकटपट्टी लावून ती टेबलावर ठेवावी. मूल पिशवीवरून बोटाने रेघा ओढते, आतील गुळगुळीतपणा जाणवतो आणि हात कोरडा राहतो.

पायांसाठी वेगळा कार्यक्रम लागत नाही. पायपुसणे, चटई, ओला टॉवेल, सतरंजी आणि सुक्या पानांनी भरलेली उथळ पाटी एका रांगेत मांडावी. मुलाने मोजे घालून त्यावरून चालावे, वाटेल तेव्हा मोजे काढावेत.

थकव्याच्या खुणा

रडणे ही उशिरा येणारी खूण आहे. त्याआधी बोटे ताठ होऊन फाकतात, मूल चवड्यांवर उभे राहते, मान फिरवते, हात कपड्याला घासते, ओकारी आल्यासारखे करते किंवा उगाच खूप हसू लागते. सर्वांत फसवी खूण म्हणजे गप्प होणे. एरवी बडबडणारे मूल एकाएकी निश्चल बसले आणि त्याचा चेहरा कोरा झाला, तर ‘आता शांत बसला’ असे समजू नये. ते आतून सोसत असते. अशा वेळी खेळ तेथेच थांबवावा, हात पुसू द्यावेत आणि पुन्हा जोर लागणाऱ्या कामाकडे वळावे. दुसऱ्या दिवशी एक पायरी मागून सुरुवात करावी.

खेळातून रोजच्या व्यवहारात

परातीत हात घालणारे मूल वरण-भात कालवेलच असे नाही. तेवढा पूल आपल्याला मुद्दाम बांधावा लागतो. आपल्याकडे हाताने जेवण्याची पद्धत असल्याने हा प्रश्न घरात रोज दोनदा उभा राहतो आणि पंगतीत तर चारचौघांत उभा राहतो. माझ्या मते भुकेच्या वेळी सराव घेऊ नये. जेवणात चमचा मागितला तर तो बिनतक्रार द्यावा, विशेषतः ज्या मुलाचे जेवण मुळातच कमी आहे त्याला. सराव मधल्या वेळेत करावा. आधी कोरडी भाकरी मोडणे, मग पोळीच्या तुकड्याने सुकी भाजी उचलणे, ज्यात पोळीच बोटांचे संरक्षण करते, मग लाडू वळायला मदत, मग घट्ट मऊ भाताची छोटी मूद बोटांनी दाबणे, आणि शेवटी ताटाच्या कडेला एक घास स्वतः कालवणे, असा क्रम ठेवता येतो. शेजारी ओला नॅपकिन येथेही असावाच.

डोक्याला तेल लावताना मागून हात घालू नये. मुलाला आरशासमोर बसवावे, तेल त्याच्या तळहातावर ओतावे आणि पहिला हात त्याने स्वतः फिरवावा. त्यानंतर आपण दोन्ही तळहात डोक्यावर ठेवून दहा अंक मोजेपर्यंत संथ दाब द्यावा आणि मग चोळावे. बोटांच्या टोकांनी गुदगुल्या केल्यासारखे लावलेले तेलच बहुधा नकोसे होते. नखे आंघोळीनंतर मऊ असताना, बोटाचे पेर घट्ट धरून कापावीत, आणि एका दिवशी दोनच कापली तरी चालते. केस कापायला गर्दी नसलेल्या वेळी जावे, घरचा टॉवेल न्यावा आणि मानेवर पडलेले केस लगेच पुसायला सांगावे. शाळेचा नवा गणवेश दोन-चार वेळा धुऊन मऊ करावा, आत शिवण नसलेला सुती बनियन घालावा, मोजे उलटे घातले तर पायाच्या बोटांवरची शिवण टोचत नाही. या सोयी म्हणजे लाड नव्हेत. दिवसभराचा बोचरेपणा कमी झाला की संध्याकाळच्या खेळासाठी मुलाकडे सहनशक्ती उरते.

सण आणि पाहुणे

आपल्या सणांत स्पर्श फार असतो आणि तो अचानक येतो. संक्रांतीनंतरच्या बोरन्हाणात मुलाला पाटावर बसवून डोक्यावरून चुरमुरे, बोरे, उसाचे तुकडे आणि हलवा ओततात, अंगावर काटेरी हलव्याचे दागिने असतात आणि भोवती दहा-बारा मुले धावून येतात. स्पर्शाला घाबरणाऱ्या मुलासाठी हा फार मोठा प्रसंग आहे. विधी टाळण्याऐवजी तो थोडा बदलावा. आदल्या आठवड्यात परातीत चुरमुरे घेऊन मुलाला ते ओतू द्यावेत, प्रत्यक्ष दिवशी डोक्याऐवजी मांडीवर किंवा पायांवर ओतावे, पहिली मूठ त्याने स्वतःच टाकावी आणि दागिने जाड कपड्यावरून घालावेत किंवा हातात धरायला द्यावेत. दिवाळीच्या अभ्यंगस्नानात उटणे चाळून, दुधात पातळ करून घ्यावे आणि हातपायांना मुलाने स्वतः लावावे. पाठ आपण तळहाताने भक्कमपणे चोळावी. रंगपंचमीला मुलाने इतरांना रंग लावावा, त्याला कुणी लावू नये, हे शेजारच्या मुलांना आधीच सांगून ठेवावे.

गालगुच्चा घेणाऱ्या, उचलून पापे घेणाऱ्या नातेवाइकांना नम्रपणे पण आधीच सांगावे : ‘आत्या, त्याला अचानक हात लावलेला त्रास होतो, तुम्ही समोरून हात पुढे करा, तो टाळी देईल.’ बहुतेक माणसे हे मानतात. एखाद्याला वाईट वाटले तरी मुलाच्या बाजूने उभे राहावे.

काय टाळावे

पाण्यात फुगणारे रंगीत जेलचे मणी घरात आणूच नयेत. ते गिळले गेल्यास आतड्यात फुगून अडथळा निर्माण करतात आणि शस्त्रक्रियेची वेळ येते. तीन वर्षांखालील किंवा वस्तू तोंडात घालणाऱ्या मोठ्या मुलालाही कडधान्ये, चिंचोके, मणी, शेंगदाणे, चुंबकाचे तुकडे देऊ नयेत. कच्चा राजमा पोटात गेल्यास विषारी ठरतो, आणि नाकात-कानात गेलेले कोरडे कडधान्य ओलाव्याने फुगते. पाण्याच्या टबाजवळून क्षणभरही उठू नये, कारण लहान मूल काही सेंटिमीटर पाण्यातही बुडू शकते. गव्हाची किंवा शेंगदाण्याची ॲलर्जी असल्यास ते पदार्थ वगळावेत. बोरॅक्स घातलेला घरगुती स्लाइम त्वचेची आग करू शकतो. आणि इंटरनेटवर पाहून ब्रशने अंग घासण्याचा कार्यक्रम सुरू करू नये. तो प्रशिक्षित व्यक्तीने शिकवल्याशिवाय करण्याजोगा नाही आणि त्याबद्दलचे पुरावेही कच्चे आहेत.

मदत केव्हा आणि कोठे घ्यावी

प्रगती सरळ रेषेत होत नाही. आजारपण, शाळेची सुरुवात किंवा घरबदल झाला की मूल काही पायऱ्या खाली येते आणि पुन्हा चढते. परंतु दोन-तीन महिने सातत्याने, सक्ती न करता खेळूनही काहीच हलत नसेल, खाण्याचे पदार्थ मोजकेच उरले असतील, वजन वाढत नसेल, कपड्यांमुळे शाळा बुडत असेल किंवा मूल स्वतःला चावत-मारत असेल, तर ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे जावे. महाराष्ट्रात या शास्त्राची परंपरा जुनी आहे : कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचे शिक्षण सुरू केले. शासकीय मार्गही आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि पुढील उपचारांसाठी जिल्हा पातळीवर डीईआयसी, म्हणजे मुलांच्या विकासातील अडचणींवर लवकर उपचार करणारी केंद्रे आहेत. अंगणवाडी, शाळा किंवा जिल्हा रुग्णालयातून तेथे पाठवले जाते. खासगी थेरपिस्ट निवडताना राज्याच्या ऑक्युपेशनल थेरपी व फिजिओथेरपी परिषदेकडे त्यांची नोंदणी आहे का, हे विचारावे.

पहिल्या भेटीला निरीक्षणाची वही न्यावी आणि शक्य असल्यास जेवण, केस विंचरणे व परातीतला खेळ यांचे मोबाइलवर घेतलेले एक-दोन मिनिटांचे व्हिडिओ न्यावेत, कारण अनोळखी खोलीत मूल घरच्यासारखे वागत नाही. घरी काय करायचे ते लिहून मागावे आणि आपल्यासमोर एकदा करून दाखवायला सांगावे. कोणते उद्दिष्ट, किती आठवड्यांत आणि ते साध्य झाले हे कसे ओळखायचे, हेही त्याच दिवशी विचारून घ्यावे. मुलाला धरून ठेवून, रडत असताना स्पर्शाची सवय लावण्याचा सल्ला कुणी दिला, तर त्याचे कारण विचारावे, आणि ते पटले नाही तर दुसऱ्या थेरपिस्टकडे जावे.